गिरणीच्या माडीवरचे ड्रायव्हर

किस्से ठरवून कुणी गोळा करत नाही. काम करता करता ते साचतात. आमच्या वर्कशॉपात सोल्डरिंगच्या टेबलाखाली शिशाचे बारीक मणी पडायचे. रोज झाडून काढले तरी महिन्याने फरशीच्या भेगांतून ओंजळभर निघायचे. हे तसंच. परवा अन्वरभाईंच्या मुलीच्या लग्नात आम्ही तिघं बऱ्याच वर्षांनी एका टेबलावर बसलो, आणि बिर्याणी गार झाली तरी बोलणं संपेना. घरी येऊन म्हटलं, विसरायच्या आत लिहून ठेवावं.

तिघं म्हणजे काळे सर, अन्वरभाई आणि मी. नव्वदच्या दशकाची शेवटची एक-दोन वर्षं. नगरला सावेडीत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर सरांचं वर्कशॉप होतं. सर पूर्वी पॉलिटेक्निकला शिकवायचे. ते सोडून त्यांनी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी एक पेटी बनवायला घेतली होती. दुधाचं वजन करणारा काटा, फॅट मोजणारं यंत्र आणि भिंतीवरचा लाल आकड्यांचा बोर्ड, हे सगळं त्या पेटीला जोडायचं, आणि पेटी एका यूएसबी वायरने कॉम्प्युटरला. पेटी बनवायचे अन्वरभाई. पेटी काय म्हणते ते कॉम्प्युटरला समजावून सांगणारा जो प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहायचं काम माझं. कॉम्प्युटर चालवायला लिनक्स होतं, कारण ते कुणाला न विचारता वापरता यायचं आणि त्याच्या पोटात काय आहे ते उघडून वाचता यायचं.

माझ्या नोकरीपासूनच सुरुवात करते.

सरांनी नगरच्या एका पेपरात छोटी जाहिरात दिली: 'लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिणारा पाहिजे.' पेपरवाल्यांना वाटलं, सरांच्या हातून काहीतरी चुकलंय. त्यांनी आपुलकीने सुधारून छापलं: 'लिनक्ससाठी ड्रायव्हर पाहिजे.'

मी तेव्हा डिप्लोमा करून जिल्ह्यातल्याच बेलापूरला घरी बसले होते. वडील साखर कारखान्यात फिटर. लिनक्स हा शब्द मी एका कॉम्प्युटरच्या मासिकात वाचला होता आणि त्याच्याबरोबर आलेली सीडी कॉलेजच्या लॅबमध्ये चालवूनही पाहिली होती. जाहिरात वाचून सकाळच्या एसटीने नगरला आले. जिना चढले, तर बाकावर सहा माणसं बसलेली आणि सहाही जणांच्या हातात लायसन. शेवगावकडचे एक वयस्कर काका होते, हेवी लायसनवाले. त्यांनी मला विचारलं, तुम्ही पण गाडीच चालवता का. मी नाही म्हटल्यावर ते सरकून बसले आणि म्हणाले, मग तुम्ही आधी जा, बाईमाणसाला ताटकळत ठेवू नये.

सर बाहेर आले आणि गर्दी पाहून गडबडले. प्रकार लक्षात आल्यावर त्यांनी सगळ्यांची माफी मागितली, चहा मागवला. चहा पिऊन पाच जण गेले. शेवगावचे काका मात्र उठेनात. त्यांनी सरांना शांतपणे विचारलं, "साहेब, ती लिनक्स पेट्रोलवर हाय का डिझेलवर?"

सर हाडाचे शिक्षक. त्यांनी काकांना आत नेलं, कॉम्प्युटर दाखवला, पेटी दाखवली आणि अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. काकांनी मन लावून ऐकलं, आणि मग म्हणाले, "म्हंजी गाडी हाय, रस्ता बी हाय, पन चालवनाराला गाडीची भाषा येत न्हाई."

सर माझ्याकडे वळले. "प्रज्ञा ना तू? याहून चांगलं सांगता येत असेल तर बोल, नाहीतर मी काकांना ठेवतो."

तरी मला ठेवलं.

यूएसबीचं वेड सरांचंच. तेव्हा बाकी सगळे जुन्या सिरियल पोर्टवर काम करायचे. तो जाडजूड प्लग, दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळून बसवायचा. आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला, त्याच्या पाठीला दोन चपटी भोकं होती. बसवायला आलेला माणूस म्हणाला की ती पुढे भविष्यात कधीतरी लागतील, सध्या तिकडे लक्ष देऊ नका.

तो गेल्यावर सरांनी कॉम्प्युटर टेबलावर उलटा फिरवला. तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. म्हणाले, "भविष्य मागच्या बाजूला आहे."

तो कॉम्प्युटर पुढे तसाच राहिला. सीडी घालायची असली की अन्वरभाई टेबलावर आडवे व्हायचे आणि भिंतीकडून हात घालून चाचपडायचे. सरांच्या भविष्याबद्दल ते जे बोलायचे, ते इथे लिहीत नाही.

गंमत म्हणजे त्या भोकांचं काय करायचं हे लिनक्सलाही तेव्हा धड ठाऊक नव्हतं. जगात कुठे कुठे बसलेले थोडे लोक त्याला ते शिकवत होते, आणि शिकून तयार झालेली नवी आवृत्ती इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागायची. आमच्या फोन लाइनवर ती उतरायला लागली की मध्येच कुणाचा तरी राँग नंबर यायचा आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी ठरलं की अन्वरभाईंनी पुण्याला जायचं. त्यांचा मेव्हणा तिथे एका ऑफिसात होता, तिथून तुकडे करून फ्लॉप्यांवर भरून आणायचं. बारा फ्लॉप्या लागल्या.

परत येताना त्यांची एसटी चुकली. शिरूरपर्यंत कसेबसे आले, तिथे नगरला लग्नासाठी निघालेला एक टेम्पो मिळाला. टेम्पोत साउंडवाल्याचं सामान. अन्वरभाईंनी स्वतः खाली ताडपत्रीवर बैठक मारली आणि फ्लॉप्यांच्या पिशवीला धूळ लागू नये म्हणून ती एका मोठ्या स्पीकरवर नीट ठेवून दिली. स्पीकरच्या पोटात वीतभर लोहचुंबक असतं, हे आम्हा तिघांत सगळ्यात जास्त ठाऊक कुणाला असेल, तर अन्वरभाईंनाच.

बाराच्या बारा फ्लॉप्या कोऱ्या निघाल्या. सरांनी फक्त प्रवास कसा झाला एवढंच विचारलं. अन्वरभाईंनी चपला घातल्या आणि ते परत पुण्याला गेले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी एसटीच पकडली. पिशवी छातीशी धरून उभे. कुणाच्या हातात ट्रान्झिस्टर दिसला की ते तिथून सरकायचे. कंडक्टरने शेवटी विचारलं, एवढं काय सांभाळताय. अन्वरभाई म्हणाले, "नाजूक आहे. अजून जन्माला यायचंय."

कंडक्टरने त्यांना आमदारांची राखीव सीट दिली.

आता नंबराचा किस्सा. यूएसबीच्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा नंबर लागतो. कॉम्प्युटर तो नंबर वाचतो आणि त्यावरून ठरवतो की कोणता ड्रायव्हर लावायचा. हे नंबर परदेशातली एक संस्था वाटते. त्यासाठी मोठ्या कंपन्यांनाच परवडेल अशी भानगड असायची. सरांनी दोन दिवस विचार केला, मग खिडकीतून खाली पाहिलं. खाली त्यांची स्कूटर उभी होती. म्हणाले, "तिचा टाक."

मी टाकला. चार आकडी, बरोब्बर बसला. पेटी जोडली की कॉम्प्युटर आधी सरांच्या स्कूटरला ओळखायचा आणि मग दुधाकडे वळायचा.

पुढे एकदा अडल्यावर मी आमचा ड्रायव्हर जगभरच्या त्या लोकांना ईमेलने पाठवला. चांगली माणसं, चुका दाखवून दिल्या. पण एकाने शेवटी विचारलं, हा नंबर तुम्हाला कुणी दिला, आमच्या यादीत तर नाही. मी घाबरले. सरांना विचारलं, काय कळवू.

सर म्हणाले, "खरं ते कळव. सरकारमान्य आहे म्हणावं, आरटीओने दिलाय."

मी तसंच कळवलं. त्या गृहस्थांनी आभार मानले. पुन्हा कधी कुणी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात पेटी मध्येच नाहीशी व्हायला लागली. म्हणजे टेबलावर असायची, पण कॉम्प्युटरला दिसायची नाही. चांगली चालता चालता एकदम गायब. मी ड्रायव्हर दहा वेळा वाचला, काही सापडेना. सरांची शिस्त अशी की कारण सापडत नसेल, तर जे जे दिसतं ते वहीत लिहायचं, शहाणपणा न करता. मी लिहीत गेले. वार, वेळ, हवा, खोलीत कोण होतं. दोन आठवडे झाल्यावर त्यातून एकच गोष्ट निघत होती, आणि ती लिहायची मला लाज वाटत होती. शेवटी लिहिली: 'पेटी जाण्याआधी सर्वांना शिंका येतात.'

सरांनी वही वाचली. चष्मा काढून पुसला. मग विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारलं, "पेटीलासुद्धा येतात का?"

अन्वरभाई नाकाला रुमाल लावून तडक खाली गेले. उन्हाळा म्हणजे तिखटाचे दिवस. खाली गिरणीवाल्या मावशींनी मिरची कांडायचं नवीन मशीन घेतलं होतं, त्याची मोटर सुरू झाली की आमच्या खोलीतली वीज दचकायची, आणि वीज दचकली की पेटी बेशुद्ध पडायची. तोपर्यंत मिरचीची खकाणी माडीवर आलेली असायची.

अन्वरभाईंनी आमची वायर वेगळी काढेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांसाठी मावशींनी कबूल केलं की मशीन सुरू करण्याआधी खालून हाक मारीन, "प्रज्ञा, मिरची लावते गं." मी पेटी काढून ठेवायची आणि वरून ओ द्यायची. वायर वेगळी झाली, अडचण संपली, हे मावशींना दोन-तीनदा समजावलंही. हाक काही थांबली नाही. मी तिथून नोकरी सोडून निघाले, त्या दिवशीसुद्धा मावशींनी मला विचारूनच मिरची लावली.

पहिली पेटी आम्ही शिंगणापूरजवळच्या एका गावात बसवली. लिनक्स सुरू झालं की आधी पासवर्ड मागतं. तिथल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी ते पाहून जरा दुखावले. घरांना दारं न लावणारा तो मुलूख. कॉम्प्युटरला कुलूप कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी समजावलं की ही आमची पद्धत आहे, पासवर्ड लागतोच, नीट जपून ठेवा. त्यांनी मान डोलावली.

महिन्याने आम्ही परत गेलो, तर पासवर्ड भिंतीवर लाल ऑइलपेंटने लिहिलेला, दुधाच्या वेळांच्या फलकाखाली. अक्षर सुरेख होतं. सेक्रेटरी म्हणाले, "तुमीच म्हनले जपून ठेवा. कागुद हरवला असता."

आणि आता अकोल्याचं.

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पुढे, भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात आम्ही दुसरी पेटी बसवली. डोंगरातलं गाव, भाताची खाचरं, घरटी एखाददुसरी गाय. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. नऊ दिवसांनी तिथल्या सेक्रेटरींचा फोन आला की मशीन येडी झालीय, लगोलग या. एका बाईच्या गाईच्या दुधाला म्हशीची फॅट लागली होती.

मी आणि अन्वरभाई एसटीने अकोल्याला आणि तिथून जीपने दुपारी गावात पोचलो. केंद्रावर ती बाई आमची वाट बघत बसली होती. हौसाबाई. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, एका गाईवर संसार. सेक्रेटरींनी आणि त्यांनी मिळून जे सांगितलं ते असं.

नवी पेटी बसली त्या दिवशी हौसाबाईंच्या दुधाची फॅट लागली दोन पॉइंट दोन. जुन्या पद्धतीत त्यांना कायम चारच्या पुढे असायची. लाल आकडा भिंतीवर सगळ्यांसमोर. संस्थेचे चेअरमन रोज रांगेत पहिले असायचे, आणि शेजारचंच घर म्हणून हौसाबाई त्यांच्या मागे दुसऱ्या. चेअरमन आपली किटली घेऊन निघता निघता बोर्डाकडे बघून म्हणाले, "हौसाबाई, नळ जरा बारीक सोडत जा." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी हौसाबाईंनी शेजारणीला समोर बसवून धार काढली. तरी दोन पॉइंट तीन. तीस वर्षं त्या गावात दूध घालणारी बाई, त्या आठवड्यात मान खाली घालून रांगेत उभी राहिली.

नवव्या दिवशी त्यांना उशीर झाला. त्या शेवटी उभ्या राहिल्या, म्हशीचं दूध आणणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मागे. त्यांच्या गाईला लागली सहा पॉइंट आठ. लोक पुन्हा हसले. हौसाबाई मात्र हसल्या नाहीत. घरी जाऊन त्या विचार करत बसल्या.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "तुमची मशीन म्होरल्याचं मागच्याला देती."

मी म्हटलं, तसं होणार नाही. आम्ही वर्कशॉपात शेकडो वेळा मोजून पाहिलंय. त्यांनी वाद घातला नाही. संध्याकाळी लोक दूध घेऊन जमले, सेक्रेटरींनी नेहमीप्रमाणे आधी आपल्या घरचं दूध चाचणीसाठी मोजलं. मग हौसाबाई उठल्या, कोपऱ्यातल्या रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "आता ह्ये मोजा."

सेक्रेटरींनी पाणी मोजलं. भिंतीवर लाल आकडे आले: तीन पॉइंट नऊ.

कुणीतरी रांजणाची जात विचारली. हशा ओसरायच्या आत हौसाबाईंनी आपल्या किटलीतलं दूध पुढे केलं. बोर्डावर आलं शून्य पॉइंट शून्य.

आता कुणी हसलं नाही. मी दाण्याच्या पोत्यावर बसून कीबोर्ड मांडीवर घेतला. मला तेव्हाच कळलं होतं. पेटीला आधी 'मोज' म्हणायचं आणि मग आकडा उचलायचा, हे माझ्या हातून उलटं लिहिलं गेलं होतं. ड्रायव्हर आधी पेटीतला जुना आकडा उचलायचा आणि मग नव्याचं मोजायला सांगायचा. वर्कशॉपात आम्ही सगळ्या चाचण्या एकाच पातेल्यातल्या दुधावर केल्या होत्या, म्हणून मागचा आकडा आणि पुढचा आकडा कायम सारखाच. दोन ओळींची अदलाबदल केली. हौसाबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "येवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. याहून जास्त लाज मला आयुष्यात फार वेळा वाटलेली नाही.

सेक्रेटरी सरळ माणूस. त्यांना प्रकार समजला तसे ते खूश झाले. म्हणाले, मग सोपं आहे, नऊ दिवसांचे आकडे एकेक ओळ वर सरकवले की झालं, ज्याचं त्याला मिळेल. त्यांनी वही उघडली, पेन्सिल घेतली. दुसऱ्या ओळीवर हौसाबाई, त्यांच्या नावापुढे दोन पॉइंट दोन. पेन्सिल तिथून वरच्या ओळीकडे गेली, आणि तिथे थांबली. वरच्या ओळीत चेअरमनांचं नाव होतं. पान उलटलं. तिथेही तेच.

चेअरमन बंद पंख्याकडे बघत होते.

हौसाबाई म्हणाल्या, "मागचं ऱ्हाऊ द्या. वही खराब हुईल."

सेक्रेटरींनी नऊ दिवसांच्या पानांवर आडवी रेघ मारून 'यंत्रात बिघाड' असं लिहिलं. खाली मी सही केली.

शेवटची जीप निघून गेली होती, म्हणून आम्ही गावातच राहिलो. सकाळी दुधाच्या वेळी मी पेटीपाशी बसले. चेअरमन आले, नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी. पण काट्यापाशी न जाता ते बाजूला उभे राहिले. हौसाबाई आल्या तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "तुमी व्हा म्होरं."

हौसाबाई पुढे झाल्या. बोर्डावर चार पॉइंट एक.

मग चेअरमनांनी किटली ठेवली. सेक्रेटरींनी दूध घेतलं, मोजलं. चार पॉइंट तीन.

रांगेतले सगळे बोर्डाकडे बघत राहिले. हौसाबाईंनी आपल्या किटलीचं झाकण घट्ट बसवलं, ती उचलली, आणि जाता जाता म्हणाल्या, "गाईनं लईच मनावर घेतलं म्हनायचं."